आईच्या चेहऱ्यावर शिकलेली जपानी

जपानीत तोंडाला दोन वेगळे शब्द आहेत. सकाळी उठून धुतो ते सगळं तोंड म्हणजे काओ, आणि ज्यानं जेवतो, बोलतो, भांडतो ते कुचि. आपल्याकडं दोन्हीला तोंडच. हे मला वयाची तिशी उलटल्यावर लातूरच्या एका क्लासात कळलं, आणि त्याच वर्षी माझ्या आईचं कुचि एका बाजूला ओघळलं. काओचा वरचा भाग मात्र जिथल्या तिथं होता. तेच वाईट होतं. का, ते सांगते.

मी नर्स. नांदेडला एका खाजगी दवाखान्यात बरीच वर्षं काढली. लग्न झालं होतं, मोडलं, तो विषय इथं काढायचा नाही. वडील गेल्यावर घरात आई आणि मी. जपानात म्हाताऱ्या माणसांचं करायला माणसं पाहिजेत, भाषा शिका आणि जा, असं आमच्या वॉर्डातल्या एकीनं सांगितलं. ती नुसतं सांगून राहिली, मी उठले. आईला विचारलं तर म्हणाली, "जा की. इथं तरी काय करून राहिलीस?"

"तुला बीपी आहे."

"बीपी तर साऱ्या गल्लीला हाय."

शेवटी एका अटीवर ठरलं. तिनं सकाळची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकवली तर मी क्लास सोडून परत येणार आणि पुन्हा जपानचं नाव काढणार नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. त्या एका पांढऱ्या गोळीवर माझं सगळं जाणं उभं होतं, आणि आम्हा दोघींना ते पक्कं ठाऊक होतं.

लातूरला होस्टेलवर राहिले. शिकवणारी बाई तिथलीच, बरीच वर्षं जपानात काढून आलेली. तिला मॅडम म्हटलेलं चालायचं नाही, सेन्सेइ म्हणायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं चेहरा काढला. मला वाटलं होतं आधी एक-दोन-तीन, नमस्कार-चमत्कार होईल. ती म्हणाली, "तुम्ही तिथं रोज उठून पहिलं काय करणार? तोंड धुणार. स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. मग आधी तोंडच शिका."

मे म्हणजे डोळा. मिमि कान. हाना नाक. हा म्हणजे दात, एवढाच शब्द, हा. शिता जीभ, आगो हनुवटी, होप्पे गाल, ओदेको कपाळ, मायु भुवई, माबुता पापणी, कुचिबिरु ओठ. मग त्यांची वाक्यं. तोंड धुऊ या. तोंड उघडा. दात दाखवा. तिथली माणसं 'मी' म्हणताना छातीला हात लावत नाहीत, नाकावर बोट ठेवतात. हे ऐकून आमचा अख्खा वर्ग नाकावर बोटं ठेवून हसत होता.

एक शब्द तिनं फळ्यावर मोठा लिहिला. काओइरो, चेहऱ्याचा रंग. "सकाळी खोलीत गेलात की गुड मॉर्निंग मागून म्हणायचं, आधी काओइरो बघायचा. दोन्ही डोळे सारखे उघडतात का? ओठांची दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का? माणूस खोटं बोलतो, 'मी बरा आहे' म्हणतो. तुम्ही तोंडाकडं बघा." हे सांगताना ती हसत नव्हती. मी वहीत न लिहिता नुसती बघत बसले. असलं मला दवाखान्यातच शिकवलं होतं, त्यात नवीन काय, असं मला वाटलं होतं.

रोज संध्याकाळी मी आईला व्हिडिओ कॉल लावायची आणि तिच्याच तोंडावर उजळणी करायची. मी शब्द म्हणायचा, तिनं त्या जागी बोट ठेवायचं. तिला भारी मजा.

"नाकाला हाना? कुणाला हाणा म्हणतेत गं ही माणसं?"

"आई, गप. बोट ठेव."

"ठेवलं. आता पुढं बोल, माझी डाळ लागायली खाली."

भुवईचा शब्द तर तिला लईच आवडला. कारण लहानपणापासून मी खोटं बोलले की माझी डावी भुवई वर जाते आणि ती मला तिथंच पकडते. शाळा बुडवली तेव्हा पकडली, नवऱ्याकडं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं तेव्हाही पकडली. "मायु," ती म्हणायची, "तुझी खोटं बोलायची जागा." त्यानंतर फोनवर मी जेवले म्हटलं, की लगेच पलीकडून विचारणा, "मायु दाखव."

एकदा मी तिला सांगितलं, जपानीत तोंड घट्ट आहे म्हणतात, म्हणजे तो माणूस गुपित फोडत नाही. तिनं विचारलं, "मग तसं माणूस चांगलं म्हणायचं का वाईट?"

"चांगलं."

"मग बरं," ती म्हणाली आणि विषय बदलला. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता ते "मग बरं" आठवलं की अंगावर काटा येतो.

महिन्यातून एक-दोनदा मी एसटीनं नांदेडला जायची. परत निघताना दारात आई माझी अलाबला घ्यायची. दोन्ही हात माझ्या कपाळापासून गालांवरून हनुवटीपर्यंत फिरवायची, मग ते हात स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटं कडाकडा मोडायची. दोन्ही हातांची बोटं वाजली की पोरीची सगळी पीडा गेली. एखादं बोट वाजलं नाही तर बाईसाहेब मला उंबऱ्याच्या आत घ्यायच्या आणि पहिल्यापासून सुरू. माझी बस चुकायची. मी चिडायची, आई, मी नर्स आहे, मला असलं काही लागत नाही. ती म्हणायची, नर्सला तर जास्ती लागते.

उन्हाळा लागला तसं फोनमध्ये काहीतरी बदललं. आधी पदर. माझी आई घरात डोक्यावर पदर घेणारी बाईच नव्हे. आता ती पदराचं टोक तोंडाशी धरून बोलायला लागली, तेही डाव्या बाजूनं. विचारलं तर म्हणाली, दात दुखतोय. मग फोन धरायची पद्धत बदलली. तिचा उजवा डोळा, उजवा गाल, आणि उरलेल्या जागेत भिंत.

"नीट धर की फोन."

"हात दुखते गं धरून धरून."

चार दिवस मी दात, मग हात, असं मनाला समजावत राहिले. पण झोपताना तिचं ते अर्धं तोंड डोळ्यांसमोर यायचं.

मग एका संध्याकाळी मी म्हटलं, "कान." त्या दिवशी खेळ उलटा होता, जपानी शब्द तिनं सांगायचा होता. मिमि. तिला तो नेहमी पहिल्या झटक्यात यायचा. पलीकडून भलताच आवाज आला. ओठ मिटलेच नव्हते. म कुठं नव्हताच त्यात, नुसता वारा. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग ती हसली आणि म्हणाली तोंड आलंय, फोड उठलेत. हसतानाही पदर होता. आणि फोन तिथंच अडकला, तिचा एक डोळा माझ्याकडं बघत तसाच थांबून राहिला. मी फोन बंद केला नाही. मला तो बंद करायची भीती वाटली.

सकाळी सेन्सेइला सांगून पहिली एसटी धरली. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता मी मनात एकच घोकत होते: दात असेल, फोड असतील, उगीच घाबरतेस, गोळी तर रोज घेतेय. बाहेर ऊन असं की शेतात माणूस दिसेना.

दार आईनंच उघडलं. मला बघून दचकली, मग खुश झाली, पदर सावरला. मी काही बोलायच्या आत तिनं सवयीनं हात वर केले, आल्या आल्या अलाबला घ्यायला. उजवा हात माझ्या कपाळावरून, डाव्या गालावरून खाली आला. डावा हात माझ्या हनुवटीपर्यंत कसाबसा चढला आणि खाली पडला. माझा उजवा गाल तसाच राहिला. मग तिनं उजव्या कानशिलावर बोटं मोडली, कडाकडा. डाव्या कानशिलाशी काही नव्हतं. तिला ते कळलंसुद्धा नाही. माय गं, तो एका बाजूचा आवाज मी मरेपर्यंत विसरायची नाही.

मी तिचा पदर धरला आणि ओढून काढला. ओठाचं डावं टोक खाली गेलं होतं, आणि तिथून एक ओली रेघ हनुवटीपर्यंत आली होती.

"कवापासून?"

"काई न्हाई गं. वारं लागलंय. उतरायलंय आता."

"आई, कपाळाला आठ्या घाल."

आता हे समजून घ्या. वडिलांचंही एकदा तोंड वाकडं झालं होतं, मी नव्यानं नोकरीला लागले होते तेव्हा. त्यांची अर्धी बाजू वरपासून खालपर्यंत मेली होती. कपाळ गुळगुळीत, डोळा मिटेना, पाणी गळायचं. तो चेहऱ्याच्या नसेचा आजार, बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. डॉक्टरांनी तेव्हाच तसं सांगितलं होतं. पण त्याच दिवसांत मावशीनं, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीनं, त्यांना भोकरच्या पुढं एका वस्तीवर नेलं. तिथं एक म्हातारा लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतो. वडील बरे झाले आणि सगळं श्रेय म्हाताऱ्याला गेलं. डॉक्टरला कोण विचारतो! पण मेंदूचा झटका असला तर गोष्ट उलटी असते. कपाळ चालतं, पापणी चालते, नुसतं तोंडाचं टोक ओघळतं. कपाळ जेवढं चांगलं, तेवढं आत वाईट.

म्हणून मी देवाला म्हणत होते, कपाळ हलू नको देऊ. ओदेको हलू नको देऊ.

आईनं भुवया वर केल्या. कपाळभर आठ्या पडल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ, एकसारख्या.

"बघ," ती म्हणाली, तिरकं हसत. "कपाळ नीट हाय की. तुझ्या बापाचं कुठं हललं होतं? माझं तर सगळं हलायलंय."

दवाखान्यात असल्या शंभर चेहऱ्यांपुढं मी उभी राहिलेय, हात कधी कापला नाही. पण हे तोंड माझं होतं.

"गोळी घेतेस ना?"

तिनं पदर पुन्हा तोंडाशी नेला. कुचि घट्ट.

तेवढ्यात मागच्या दारानं मावशी आली, ती शेजारच्याच गल्लीत राहते. मला बघून तिच्या हातातला डबा हलला. मग सगळं बाहेर पडलं. आईला आठ-पंधरा दिवसांपूर्वी चहा पिताना बशीत सांडला, हाताला मुंग्या आल्या. दोघी गुपचूप भोकरकडं जाऊन आल्या. म्हाताऱ्यानं पाला दिला आणि पथ्य सांगितलं: तेलकट बंद, आंबट बंद, इंग्रजी गोळी बंद. आणि ज्यानं औषध घेतलं त्यानं पोटच्या लेकरालाही सांगायचं नाही, नाहीतर गुण जातो.

"इंग्रजी गोळी बंद?" मी ओरडले. "बीपीची गोळी बंद केली?"

"पथ्य होतं माय," मावशी म्हणाली. "आणि दाजीला गुण आला न्हाई का तिथंच? आता तू बघितलंस, आता पुन्हा जावं लागतंय. आजच नेऊ. गाडी सांगते मी."

"मावशी, तू आता एक शब्द बोललीस तर बघ. रिक्षा बोलव."

"अगं पण पथ्य मोडतंय..."

"मोडू दे! तिचं डोकं फुटण्यापेक्षा पथ्य मोडू दे!"

आई मधेच शांतपणे म्हणाली, शब्द घरंगळत होते, "तुझ्या जाण्याच्या आड आलं असतं. गोळीचं कळलं असतं तर तू परत आली असतीस. म्हटलं, पाल्यानं उतरलं की तुला कशाला कळतंय." मग लहान पोरीसारखी म्हणाली, "तोंड घट्ट असलेलं चांगलं, तूच म्हणालीस की."

मला तिच्या एक ठेवून द्यावी वाटली आणि तिला पोटाशी धरून रडावंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चपला घातल्या तिच्या पायात. डावी चप्पल तिला घालता येत नव्हती.

रिक्षात ती माझ्या खांद्यावर होती. दर चौकाला मी तिला विचारत होते. दात. "हा." नाक. "हाना." जोपर्यंत उत्तर येतंय तोपर्यंत वेळ आहे, एवढंच मला धरून राहायचं होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला वाटलं असेल दोघी येड्या आहेत. पुलाजवळ मी म्हटलं, जीभ. उत्तर आलं नाही. पुन्हा म्हटलं. तिनं जीभ बाहेर काढून दाखवली, ती एका बाजूला जात होती. शब्द गेला होता.

मोठा झटका दवाखान्याच्या पायऱ्या चढून झाल्यावर आला. स्ट्रेचर समोर होतं, डॉक्टर समोर होते, सगळे माझ्याच ओळखीचे. घरी आला असता, नाहीतर भोकरच्या रस्त्यावर गाडीत आला असता, तर मी हे लिहीत बसले नसते.

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे नीट उघडले. मी आणि मावशी पलंगाशी होतो. मावशीचं रडून रडून तोंड सुजलं होतं आणि माझा राग अजून उतरला नव्हता. मी म्हणाले, "गोळी बंद करायची अक्कल कुणाची? त्या म्हाताऱ्याची, ते कळलं. पण तिथं जायचं कुणी काढलं?" मावशीनं मान खाली घातली. आईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिनं उजवा हात हळूहळू उचलला आणि बोट स्वतःच्या नाकावर ठेवलं. जपानी पद्धतीनं. मी. मला हसू आलं आणि तिथंच भडभडून रडू आलं. ती साफ खोटं सांगत होती, बहिणीला वाचवत होती, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

आमची बॅच गेली. सेन्सेइनं माझं नाव पुढच्या बॅचमध्ये टाकून ठेवलं. मी म्हटलं, टाकू नका. ती म्हणाली, असू दे.

आता रोज सकाळी मी आईचं तोंड धुते. कोमट पाणी, पिळलेला रुमाल, आधी डोळे, मग कपाळ, गाल, शेवटी ओठ, जसं क्लासात शिकवलं तसं. काओ ओ आराइमाश्यो, तोंड धुऊ या. परक्या म्हाताऱ्यांसाठी पाठ केलेलं वाक्य. ते म्हणताना रोज आधी ओठांची टोकं बघते, आणि जोवर ती एका रेषेत दिसत नाहीत तोवर माझा श्वास खाली उतरत नाही. गोळी मी माझ्या हातानं तिच्या जिभेवर ठेवते. तोंड उघडायला लावते, गिळली का बघते. ती चिडते. चिडू दे.

बोलणं हळूहळू परत आलं. डावा हात मागं राहिला. आणि बोलायला लागल्यावर तिनं पहिलं काय काढलं असेल, तर जपान.

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"जायचंस. पण माझी दोन्ही हाताची बोटं वाजल्याबिगर न्हाई. अशीच अर्धी अलाबला घेऊन तुला धाडत न्हाई."

मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. तो हात लवकर उठणार नाही, हे मी नर्स म्हणून जाणत होते. आणि तेव्हापासून तोंड धुऊन झालं की तिचा रोजचा उद्योग सुरू झाला. उजव्या हातानं डावा हात उचलायचा, माझ्या गालावर ठेवायचा, खाली ओढायचा. मग तसाच उचलून स्वतःच्या कानशिलाशी न्यायचा आणि दाबायचा. बोटं मऊ पडलेली, आवाज कुठून येणार! ती दाबून दाबून घामाघूम व्हायची. मी म्हणायची, पुरे. ती म्हणायची, उद्या. मावशी दारात उभी राहून डोळे पुसायची. हल्ली तीच आईजवळ झोपते, तीच सांजच्या गोळीवर डोळ्यांत तेल घालून असते.

परवा सकाळी नेहमीसारखाच तो हात माझ्या गालावरून उतरला. या वेळी त्यात थोडी पकड होती, मला जाणवली, आणि मला भीती वाटली. तिनं तो कानशिलाशी नेला. दाबला. अगदी बारीक, टक् असा आवाज झाला.

आई ताठ बसली. "वाजलं! आइकलंस?"

माझ्या डोळ्यांसमोर ते अडकलेलं अर्धं तोंड आलं. मी एवढ्या लांब असेन आणि फोनच्या पलीकडं पुन्हा नुसता वारा येईल, मग कोण म्हणेल, आठ्या घाल?

"न्हाई," मी म्हणाले. "मला काहीच ऐकू आलं नाही."

ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, बराच वेळ, दोन्ही डोळ्यांनी. मग उजव्या हाताचं बोट उचललं आणि माझ्या डाव्या भुवईवर टेकवलं.

"मायु," ती म्हणाली. म म्हणताना तिचे दोन्ही ओठ नीट मिटले. "माळ्यावरची बॅग काढ."